भाताचे तूस आणि फोमचा कारखाना
(पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



गिरणीत भात भरडले की तांदूळ घरी येतो आणि तूस मागे राहते. भाताच्या वजनाचा सुमारे पाचवा हिस्सा तूस असते. त्यात सिलिका, म्हणजे वाळूतलेच द्रव्य, भरपूर असल्याने ते गुरांच्या फारसे उपयोगी नाही आणि लवकर कुजतही नाही. अशा तुसाचा प्लॅस्टिकच्या फोममध्ये कसा उपयोग होतो, ते आज सांगावयाचे आहे.

गादीतला फोम आपण पाहिला आहे. तो बहुधा पॉलियुरेथेनचा असतो. ही रसायनक्रिया जर्मनीत ओटो बायर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३७ साली शोधली. पॉलिऑल आणि आयसोसायनेट हे दोन द्रव एकत्र केले की हे प्लॅस्टिक बनते. मिश्रणात थोडे पाणी असले की कार्बन डायऑक्साइड वायू निघतो आणि ते पावासारखे फुगते. हे द्रव मुख्यतः खनिज तेलापासून होतात व महाग पडतात. म्हणून त्यांत स्वस्त भुकटी, म्हणजे फिलर, मिसळतात. कल्पना नवी नाही. लिओ बेकलँड यांनी १९०७ साली शोधलेल्या बेकेलाइटमध्ये लाकडाचा भुसा घालीत असत.

परंतु तूस नुसते ओतून चालत नाही. उन्हात वाळलेल्या तुसातही सुमारे १० टक्के ओलावा राहू शकतो. १ ग्रॅम पाण्यापासून सुमारे १.३ लिटर वायू होतो. म्हणजे १०० ग्रॅम तुसातले १० ग्रॅम पाणी १३ लिटर वायू काढील आणि सारे प्रमाण बिघडेल. म्हणून तूस भट्टीत वाळवावे, बारीक दळावे, चाळावे लागते. थोडे घातल्यास फोम घट्ट होतो व खर्च वाचतो. फार घातल्यास मिश्रण जाड होते, फोममधील बुडबुडे फुटतात आणि तो ठिसूळ बनतो. सिलिकेमुळे यंत्राचे भागही झिजतात.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. तूस मिसळल्याने प्लॅस्टिक मातीत विरघळणारे होत नाही. तूस कुजेल, पॉलियुरेथेन तसेच राहील. तसा दावा कोणी केला तर पुरावा मागा.

विद्यार्थ्यांनो, फोम घरी करून पाहू नका. आयसोसायनेटची वाफ फुप्फुसांना अपायकारक असते. पण शाळेच्या प्रयोगशाळेत शिक्षकांच्या देखरेखीखाली तूस तोला, १०५ अंश सेल्सिअसला वजन स्थिर होईपर्यंत वाळवा आणि पुन्हा तोला. घटलेले वजन म्हणजे ओलावा. शेंगांची टरफले, उसाचे चिपाड यांचेही असेच मोजमाप करा व वहीत तक्ता मांडा. कारखान्यातले कामही याच मोजमापापासून सुरू होते.

पालकांना विनंती एवढीच की, दहावीनंतर मुलाचे वा मुलीचे शिक्षण थांबविण्यापूर्वी ही वही एकदा उघडून पाहा. तूस आपल्या गावात आहेच. ते मोजून, पारखून कामी लावणारी माणसे आपल्याच घरांतून तयार झाली पाहिजेत.