नोंद ज्याची, प्रत त्याची



परळच्या या परिषदेचा मी स्वागताध्यक्ष. स्वागताध्यक्ष हा खरं तर मांडवातला माणूस. पाणी आलं का, पंखे फिरताहेत का, जेवण किती वाजता, एवढं बघावं आणि विद्वानांना वाट मोकळी करून द्यावी. पण ‘माहिती यंत्रणा, व्यवसायाचं कामकाज आणि माणसाचं ज्ञान’ हा विषय पाहिल्यावर मला राहवलं नाही. आम्हाला यातला संगणक तेवढा नवा आहे. बाकीचा विषय आमच्या या परळ-लालबागच्या वस्तीने शंभर-सव्वाशे वर्षं अंगावर काढलेला आहे.

आज आपल्यापैकी बरेच जण दादरला उतरून आलात. 9 डिसेंबर 2023 च्या आधी आला असतात, तर आमच्या स्वयंसेवकांना फोनवर विचारावं लागलं असतं, “एक नंबर म्हणजे वेस्टर्नचा की सेंट्रलचा?” दादरला एक नंबरचे फलाट दोन होते, तीन नंबरचेही दोन. त्या दिवशी पश्चिम रेल्वेचे आकडे तसेच ठेवून मध्य रेल्वेचे फलाट आठपासून पुढे मोजायला घेतले आणि चौदापर्यंत सलग क्रम लागला. आता यात गंमत बघा. पश्चिम रेल्वेच्या कागदात कधी घोळ नव्हता, मध्य रेल्वेच्याही नव्हता. दोघांचं आपापल्या घरी बरोबरच होतं. घोळ होता तो जिना चढून एका रेल्वेतून दुसरीत जाणाऱ्या प्रवाशाच्या डोक्यात, आणि प्रवाशाचं डोकं कोणत्याच रेल्वेच्या खात्यावर येत नाही. दोन खाती आपापल्या जागी चोख असूनही मधला माणूस हेलपाटे घालतो, हे आपल्या कार्यालयांतून रोज घडतं. फलाटांचं निदान निस्तरलं.

आता गिरण्यांकडे येतो. परळला बोलावून गिरण्यांबद्दल बोललो नाही, तर माझी वस्ती मला घरात घेणार नाही.

ताडदेवला कावसजी दावर यांनी 1854 मध्ये गिरणी काढली, तिथून पुढे हा सगळा भाग भोंग्यावर उठू लागला. दर सकाळी गिरणीच्या दारात बदलीवाले उभे असत. कायम माणूस गावी गेला, आजारी पडला, दांडी मारली, की त्याच्या जागी बदली. कोणाला आत घ्यायचं हे जॉबर, म्हणजे कामगार भरणारा मुकादम, ठरवी. हजेरीपट टाइमकीपरकडे असे, पण खरा पट जॉबरच्या डोक्यात. कोण कोणत्या गावचा, कोणाचा हात चांगला, कोण दारू पिऊन येतो, कोणाला खानावळीचं देणं झालंय, हे सगळं त्याला तोंडपाठ. ती माहिती अस्सल होती, कामाची होती. तिच्यावर चिरीमिरीही चाले. गावचा, नात्यातला, हात ओला करणारा आधी आत जाई आणि बाकीचे परत खोलीवर. कशाचीच नोंद नसल्यामुळे जॉबरला जाब विचारायची सोय नव्हती.

1935 मध्ये गिरणी मालक संघाने बदली नियंत्रणाची पद्धत आणली. महिन्याच्या सुरुवातीला ठरावीक कामगारांना बदलीचं कार्ड द्यायचं आणि रोजची भरती त्या कार्डवाल्यांतूनच करायची. पुढे 1950 मध्ये बदली कामगारांची अनिश्चितता कमी करायला सरकारची डीकॅज्युअलायझेशन योजना आली. कागदावर ही साधी सुधारणा दिसते. मला तिच्यातली मोठी गोष्ट ही वाटते की, कार्ड कामगाराच्या खिशात होतं. बदलीवाल्याला ते दाखवून “माझा हक्क आहे” असं म्हणता आलं. जॉबरची सत्ता एका दिवसात गेली नाही. पण तिला पहिली चीर पडली, ती त्या कार्डाने.

या बदलात एक गोष्ट हातची गेली, तीही सांगितली पाहिजे, नाहीतर मी कार्डाचा प्रचारक ठरेन. कार्डावर नंबर होता, हात नव्हता. साचेखात्यात, म्हणजे मागांच्या खात्यात, इतका आवाज असे की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नसे. माणसं ओठांवरून ओळखत, हातवारे करून बोलत. त्या आवाजातही आपला साचा बिघडायला लागलाय हे विणकराला कानाने कळे. कोरडा वारा सुटला की धागा जास्त तुटतो, मग कुठल्या साच्यापाशी जास्त उभं राहायचं, हे त्याला कोणी लिहून दिलेलं नव्हतं. हट्टी साचा कोणाच्या हाती नीट चालतो, हे जॉबरला माहीत असे आणि जॉबरला बाजूला सारताना तेही बाजूला गेलं. आजच्या कंपन्यांत नवी प्रणाली बसवताना जुन्या हेडक्लार्कला लवकर घरी पाठवतात, तेव्हा नेमकं हेच होतं. त्याच्या खोडी जातात आणि खोडींबरोबर तीस वर्षांचं शहाणपणही जातं. सहा महिन्यांनी त्यालाच फोन करून विचारतात, “साहेब, ही नोंद अशी का घालत होतात?”

18 जानेवारी 1982 ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. पुढचं आपण जाणता. गिरण्या बंद पडत गेल्या, जमिनी मोकळ्या झाल्या आणि त्या जमिनींवरच्या घरांत कामगारांचाही वाटा असावा, असं ठरलं. म्हाडाने 2012 मध्ये गिरणी कामगारांच्या घरांची पहिली सोडत काढली. अर्ज आले दीड लाखाच्या आसपास. पात्रतेची अट अशी, की कामगार 1 जानेवारी 1982 रोजी किंवा त्यानंतर गिरणीच्या पटावर असला पाहिजे.

सोपी अट वाटते ना? पट कोणाकडे? गिरणीकडे. गिरणी कुठे आहे? तिच्या जागी काचेचा टॉवर आहे.

म्हणून मग पुराव्यांची यादी आली. ओळखपत्र, तिकीट नंबर, लाल पास, भरपगारी रजेचं कार्ड, प्रॉव्हिडंट फंडाचा क्रमांक, ईएसआयसीचं कार्ड, पगाराची पावती, हजेरीपत्रकाची प्रत, ग्रॅच्युइटीचा आदेश. म्हाडाने सप्टेंबर 2023 मध्ये पात्रता ठरवण्याची खास मोहीम काढली, ऑनलाइन आणि समक्ष दोन्ही तऱ्हांनी, तेव्हाही याच कागदांचा शोध सुरू झाला. आमच्या चाळीच्या ऑफिसात संध्याकाळी आम्ही काही जण हे कागद लावून द्यायला बसतो, त्यामुळे हे मी ऐकीव सांगत नाही.

एक बाई आल्या होत्या कणकवलीकडून. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. बरोबर मुलगा, त्याच्या मोबाइलमध्ये सगळं ‘स्कॅन’ केलेलं. बाईंच्या हातात मात्र प्लास्टिकची पिशवी, पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं रजेचं कार्ड. कडा वाळवीने खाल्लेल्या, मधला शिक्का शाबूत. कार्डावर नवऱ्याचं नाव आणि त्याच्या बापाचं नाव, आडनाव नाहीच. गिरणीत तशीच रीत होती. आधार कार्डावर आडनाव आहे, आणि बापाच्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग वेगळं. मुलगा म्हणाला, “सिस्टीम मॅच करत नाहीये.” बाई म्हणाल्या, “तिकीट नंबर घाल की!” आणि चार आकडे न अडखळता सांगितले. दर महिन्याला पगाराच्या दिवशी तो नंबर त्या घरात उच्चारला जाई, म्हणून पाठ. कार्डावर तोच नंबर होता. तिथून पुढे काम सरकलं.

आपण या विषयातले जाणकार आहात, म्हणून विचारतो. ते कार्ड कशासाठी छापलं होतं? रजा मोजायला. ईएसआयसीचं कार्ड कशासाठी? आजारपणात औषधपाणी मिळावं म्हणून. यातला एकही कागद घरासाठी तयार झालेला नव्हता. एका कामासाठी ठेवलेली नोंद चाळीस वर्षांनी भलत्याच कामाला साक्षीला आली. आणि साक्षीला आली ती गिरणीच्या कपाटातली नव्हे, कामगाराच्या ट्रंकेतली. मालकाची यंत्रणा मालकाबरोबर गेली. ज्याच्या हातात प्रत होती, तो तरला. ज्याने संपाच्या रागात पास फाडून टाकला, तो आजही सोबतच्या कामगारांचे जबाब गोळा करत फिरतो आहे. या परिषदेपुढे मला ठेवायचं आहे ते एवढंच. यंत्रणा कितीही हुशार बांधा, पण ज्याची नोंद, त्याच्या हातात तिची प्रत राहू द्या, त्याला वाचता येईल अशी.

आपली प्रत आपल्या हातात ठेवायची ही पद्धत या वस्तीत आजही चालू आहे. इथून पाच मिनिटांवर केईएम रुग्णालय आहे, 1926 पासूनचं. सकाळी त्याच्या दारात जाऊन उभं राहा. प्रत्येकाच्या हातात एक पिशवी आणि पिशवीत केसपेपर. खिडकीवरचा पहिला प्रश्न, “जुना पेपर आणलाय का?” पेशंट आपला इतिहास आपल्याबरोबर वागवतो. तो कागद भिजतो, हरवतो, गावी राहतो, हे सगळं खरं. संगणकावर नोंद आली तर उत्तमच, ती यायलाच हवी. पण संगणक आला म्हणून ती पिशवी काढून घेऊ नका. पेशंट गावी परतला की साताऱ्याच्या डॉक्टरला त्या पिशवीतलंच वाचायचं असतं.

आणि जिथे पेशंटच्या हातात सगळं असणं शक्यच नाही, तिथे नोंद घ्यायला कोणाला तरी चालत जावं लागतं. त्याचंही उदाहरण परळमध्येच आहे. इंडियन कॅन्सर सोसायटीने डॉ. जस्सावाला यांच्या पुढाकाराने 1963 मध्ये मुंबईत कर्करोगाची नोंदवही सुरू केली, देशातली पहिली, साऱ्या शहराच्या लोकसंख्येला धरून ठेवलेली. कर्करोग झाला तर सरकारला कळवा, असं बंधन डॉक्टरांवर नव्हतं. मग नोंदवहीची माणसं स्वतः रुग्णालयांत जात, वॉर्डात पेशंटशी बोलत, केसपेपरवरून उतरवून घेत, महापालिकेच्या मृत्युनोंदींशी ताडून पाहत. तोच पेशंट तीन रुग्णालयांत तीन वेगवेगळ्या स्पेलिंगांनी नोंदलेला असू शकतो. नाव, वय, पत्ता जुळवून तो एकच आहे हे ओळखायचं. नुसती अक्षरं जुळवून हे भागत नाही. एका कागदावर ‘भोईवाडा’ आणि दुसऱ्यावर ‘केईएमच्या मागे’ असेल, तर शंका यायला वस्ती माहीत असावी लागते. मुंबईत कोणता कर्करोग किती, याचे जे आकडे जगभर वाचले जातात, त्यांच्या तळाशी अशी पायपीट आहे.

डबेवाल्यांचं नाव मी अजून घेतलं नाही म्हणून काही जण चुळबुळ करताहेत. व्यवस्थापनाच्या परिषदेत डबेवाले आले नाहीत, तर चहासुद्धा येत नाही, अशी आपली पद्धत. 1890 मध्ये महादेव हवाजी बच्चे यांनी सुरू केलेल्या या कामाचं कौतुक जगाने करून झालं आहे. मी त्यात भर घालत नाही. एक मात्र सांगतो. झाकणावरच्या खुणेत ना मालकाचं नाव असतं, ना पूर्ण पत्ता. डबा ज्याच्या हातात जाणार, त्याला पुढे काय करायचं ते कळेल एवढंच तिथे लिहिलेलं असतं. बाकीचं त्या माणसाच्या डोक्यात. कुठे किती लिहायचं आणि कुठे माणसावर सोडायचं, हे तारतम्य त्यांच्याकडून शिका. त्रुटी दहा लाखांत किती, तो हिशेब राहू द्या.

शेवटी एक आजचं. जुन्या फिनिक्स मिलच्या दाराशी संध्याकाळी मोटारसायकलवर मुलं थांबलेली दिसतील, पाठीवर चौकोनी पिशवी, डोळे मोबाइलवर. ऑर्डर कोणाला मिळायची, हे मोबाइल ठरवतो. का मिळाली नाही, ते सांगत नाही. त्यातली काही आमच्या बदलीवाल्यांची नातवंडं आहेत. त्यांनी किती फेऱ्या केल्या, पावसात किती वेळ थांबली, ग्राहकाने किती तारे दिले, याची इतकी बारीक नोंद कोणत्याही टाइमकीपरने कधी ठेवली नसेल. आणि एक दिवस ‘आयडी बंद’ झाली की त्या मुलाच्या हातात काय उरतं? दोन स्क्रीनशॉट. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेने अशा कामगाराला कायद्यात नाव दिलं, ते चांगलंच झालं. पण आणखी तीस वर्षांनी कोणत्या तरी हक्कासाठी त्याला विचारतील, “तुम्ही कामाला होतात याचा पुरावा?” तेव्हा तो कुठली ट्रंक उघडणार? अशा प्रणाली आखणारे आपल्यापैकी काही जण याच सभागृहात आहेत. आज ना उद्या हे तुम्हाला सोडवायचं आहे आणि ते अवघडही नाही. महिन्याच्या शेवटी सही-शिक्क्याची एक पावती त्या मुलाला गेली, तरी सुरुवात झाली.

दुपारच्या पहिल्या सत्रात आम्ही मुद्दाम दोघांना बोलावलं आहे. एक निवृत्त टाइमकीपर आहेत आणि एक आजी आहेत, ज्यांनी अनेक वर्षं गिरणी कामगारांची खानावळ चालवली. प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि बँकांनी अशा खानावळवाल्या बायकांना कर्ज दिलं, ते कागदपत्रांच्या जोरावर नाही. शेजारणी एकमेकींना जामीन राहिल्या म्हणून. आजींना अक्षरओळख बेताचीच, पण कोणाची किती ताटं झाली हे त्या कसं लक्षात ठेवत, ते त्यांच्याच तोंडून ऐका. त्यांना ‘डेटा’ वगैरे विचारू नका, हिशेब विचारा. मग त्या थांबणार नाहीत. त्या सत्राला अर्धा तास जास्त ठेवला आहे, तो त्यासाठीच.

जेवण एक वाजता, मागच्या दालनात. मसाला लालबागचा आहे, तेव्हा ज्यांना तिखट झेपत नाही त्यांनी डावीकडच्या रांगेत उभं राहावं. आता अध्यक्षबाईंना विनंती करतो की त्यांनी परिषदेची सूत्रं हाती घ्यावीत.