‘अनामिक’ म्हणजे कोण?

(कार्यकर्त्या मैत्रिणींच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



या सत्राचा विषय मला कळवला तेव्हा मी आधी हसलेच. ‘विद्यापीठातल्या कला-ग्रंथालयांचे कार्यक्रम आणि आपण’. आपण सकाळी पोलीस चौकीत, दुपारी रेशन कार्यालयात, संध्याकाळी वस्तीतल्या बैठकीत. आपल्या या दिनक्रमात कला-ग्रंथालय कुठून आलं? पण विचार करताना लक्षात आलं की या विषयाशी माझं एक जुनं देणं आहे. ते आज तुमच्यासमोर मांडते.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या वस्तीतल्या बाया गोधड्या शिवतात. जुनी लुगडी, धोतरं, शाळेचे फाटके गणवेश एकावर एक घालायचे आणि बारीक धावदोऱ्यानं सगळं बांधून काढायचं. एका विद्यापीठाच्या कला विभागाच्या ग्रंथालयानं ८ मार्चच्या निमित्तानं आम्हांला बोलावलं. ग्रंथालयाच्या दर्शनी दालनात गोधड्या लावू, भाषण होईल, चहा होईल. त्यांच्या अहवालात याला ‘विस्तारकार्य’ म्हणतात. आम्हीही खूश. टेम्पो केला, ११ गोधड्या नेल्या, ९ बाया आल्या. पोरी वह्यांमध्ये चित्रं काढत होत्या, फोटो घेत होत्या.

आमच्यातल्या एक आजी सत्तरीच्या. साक्षरता वर्गात उशिरा अक्षरं शिकलेल्या, बोट ठेवून सावकाश वाचतात. आपल्या गोधडीखालच्या कार्डावर त्यांनी बोट ठेवलं आणि वाचलं, “अ-ना-मि-क.” मग मला विचारलं, “अनामिक म्हंजी काय गं?”

मी म्हटलं, “ज्याचं नाव माहीत नाही ते.”

आजी म्हणाल्या, “मी तर हितंच हाय. इचारलं का कुनी?”

मला उत्तर देता येईना. कार्डावर पुढे लिहिलं होतं, ‘लोककला, जुने कापड, हातशिलाई’. ते जुनं कापड म्हणजे आजींच्या गेलेल्या लेकीचं लुगडं होतं. तेही कुणी विचारलं नव्हतं.

मी त्या संस्थेवर रागावले, हे खरं. पण रात्री कागद काढून पाहिले. त्यांनी पाठवलेल्या फॉर्मवर ‘कलाकाराचे नाव’ असा रकाना होता, आणि तो मीच भरला होता. तिथं मी आमच्या मंडळाचं नाव लिहिलं होतं, ११ वेळा. व्यक्तीपेक्षा सामूहिकता मोठी, असं आपण शिबिरांतून शिकलेलो असतो. एका मंडळानं ११ गोधड्या कशा शिवल्या, हे तिथल्या कार्डं लिहिणाऱ्याला कळेना, म्हणून त्यानं सोपा शब्द घातला. म्हणजे बाईचं नाव पुसण्यात पहिला हात माझाच होता. मी एमएसडब्ल्यू शिकलेली, लिंगभावावर प्रशिक्षणं घेणारी.

त्यानंतर मी वाचायला लागले. इतर ठिकाणी काय घडलंय ते शोधायला लागले. त्यातली एक हकिकत तुम्हांला सांगते.

अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात रटगर्स विद्यापीठ आहे. त्याच्या अंतर्गत १९१८ मध्ये मुलींसाठी एक कॉलेज निघालं, पुढे त्याला डग्लस कॉलेज म्हणू लागले. जोन स्नायडर नावाची मुलगी तिथं समाजशास्त्र शिकली, म्हणजे आपल्याच बिरादरीतली! पुढे ती चित्रकलेकडे वळली आणि १९६६ मध्ये रटगर्समधूनच चित्रकलेची पदव्युत्तर पदवी घेतली. तिला एक गोष्ट खुपत होती. कॉलेज मुलींचं, पण चित्रकला शिकवणारे जवळपास सगळे पुरुष आणि प्रदर्शनंही पुरुषांची. मुली शिकत होत्या, पण बाई चित्रकार म्हणून कशी जगते हे त्यांना कुठं दिसतच नव्हतं.

मग १९७१ मध्ये जोन स्नायडरनं पुढाकार घेतला आणि डग्लसच्या ग्रंथालयात स्त्री-चित्रकारांच्या प्रदर्शनांची मालिका सुरू झाली. कलादालनात नाही, ग्रंथालयात. यातली युक्ती लक्षात घ्या. कलादालनाच्या दारावर समित्या असतात, अभिरुचीचे पहारेकरी असतात. ग्रंथालयाच्या भिंतीवर अजून कुणी हक्क सांगितलेला नव्हता, आणि तिथं मुली रोज येतच होत्या. परीक्षेसाठी पुस्तक घ्यायला येणारी मुलगी येता-जाता एका बाईनं केलेलं काम पाहायची. हे काही फार खर्चाचं काम नव्हतं. त्याच वर्षी लिंडा नॉकलिन या कला-इतिहासकार बाईंनी, थोर स्त्री-चित्रकार का झाल्या नाहीत, असा प्रश्न विचारणारा लेख लिहिला. दोष बायकांच्या प्रतिभेत नसून शाळा, संस्था आणि संधी यांच्या रचनेत आहे, असं त्यांनी दाखवलं. एकीकडे हा विचार मांडला जात होता आणि दुसरीकडे एक ग्रंथालय आपल्या भिंतीपुरती ती रचना बदलत होतं.

ही मालिका पुढे मेरी डाना या माजी विद्यार्थिनीच्या नावानं ओळखली जाऊ लागली आणि पन्नास वर्षांहून अधिक काळ चालली. मला यात सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं ते सातत्य. आपल्याकडे कार्यक्रम होतो तो ८ मार्चला. ९ मार्चला भिंत पुन्हा कोरी.

रटगर्सच्या ग्रंथालयानं दुसरं एक काम केलं. बायकांचे कागद सांभाळले. तिथल्या स्त्री-कलाकारांच्या दफ्तराला मिरियम शापिरो यांचं नाव आहे. त्यांची गोष्ट ऐकून मी चमकले. शापिरो मोठ्या चित्रकार, १९२३ मध्ये जन्मलेल्या. १९७० च्या दशकात त्यांनी आपल्या चित्रांत रुमाल, लेस, भरतकाम, जुन्या कापडाचे तुकडे लावायला सुरुवात केली. घरात बसून बायकांनी चिंध्या जपून, जोडून जे बनवलं ती कलाच आहे, हे त्यांनी मेलिसा मेयर यांच्याबरोबर लेख लिहून ठामपणे सांगितलं आणि त्या कलेला स्वतंत्र नावही दिलं. म्हणजे आजींच्या गोधडीची बाजू तिकडे कुणीतरी मांडून ठेवली होती! पण एक फरक विसरू नका. चिंध्या लावणाऱ्या शापिरोंचं नाव इतिहासात गेलं. ज्यांच्या रुमालांवरून त्या शिकल्या, त्या बहुतेक बायांचं नाव गेलं नाही. शापिरोंना याची जाण होती, पण जाण असून नाव परत मिळत नाही. त्यासाठी ते वेळेवर लिहावं लागतं.

इथं कला-ग्रंथालयाचं वेगळेपण समजून घ्या. तिथं नुसती जाडजूड पुस्तकं नसतात. प्रदर्शनाची चार पानी पुस्तिका, निमंत्रणपत्रिका, वर्तमानपत्रातलं कात्रण, घडी घातलेलं पोस्टर असा सगळा फुटकळ ऐवज कलाकाराच्या नावाच्या फाइलीत ठेवतात. ज्या बाईवर कुणी पुस्तक लिहिलं नाही ती बाई बरेचदा या फाइलीतच जिवंत असते. फाइलच उघडली नाही, तर पन्नास वर्षांनी संशोधक म्हणतो, “त्या काळात बायका नव्हत्याच.”

याच फाइलींचा उपयोग अलीकडे एका वेगळ्या कार्यक्रमासाठी झाला. इंटरनेटवरच्या विकिपीडिया या विश्वकोशात लिहिणाऱ्यांमध्ये बायका दहा टक्क्यांहूनही कमी, असं २०११ च्या एका पाहणीत दिसलं. लिहिणारे पुरुष, म्हणून लिहिलं जातं तेही बरंचसं पुरुषांबद्दल. तेव्हा न्यूयॉर्कमध्ये काही जणांनी मिळून ‘आर्ट प्लस फेमिनिझम’ नावाचा उपक्रम सुरू केला. सुरू करणाऱ्यांत शान इव्हान्स ही कला-ग्रंथालयाच्या क्षेत्रातली बाई होती. फेब्रुवारी २०१४ मध्ये पहिल्यांदा एकाच दिवशी तीसहून अधिक ठिकाणी सुमारे ६०० माणसं एकत्र बसली आणि स्त्री-कलाकारांवर शंभर नवे लेख लिहिले गेले. पुढे दर वर्षी मार्चच्या सुमाराला विद्यापीठांची कला-ग्रंथालयं अशा बैठका भरवू लागली. पुस्तकं, फाइली टेबलावर मांडायच्या, नवख्या बायकांना शिकवायचं आणि लिहितं करायचं. सोबत खाऊ आणि मुलांना सांभाळायची सोय. ही शेवटची बाब मला फार आवडली. पाळणाघराशिवाय बाई सभेला येत नाही, हे आपण किती वर्षं सांगतोय!

पण त्या विश्वकोशाचा एक नियम आहे. प्रकाशित, विश्वासार्ह आधार असल्याशिवाय लेख टिकत नाही. म्हणजे प्रदर्शन नाही म्हणून पुस्तिका नाही, पुस्तिका नाही म्हणून लेख नाही, आणि लेख नाही म्हणून पुढच्या प्रदर्शनाला बोलावणं नाही. हे चक्र तोडायचं तर सुरुवात अगदी साध्या जागी करावी लागते. कार्डावर नाव लिहायचं आणि कागद छापून ठेवायचा.

हे सगळं परदेशी आहे असं समजू नका. आपल्याकडे सयाजीराव गायकवाडांनी १९१० पासून बडोदे संस्थानात सार्वजनिक ग्रंथालयांचं जाळं विणलं. पुस्तकांच्या पेट्या भरून गावोगाव पाठवल्या. वाचक ग्रंथालयाकडे येत नसेल तर ग्रंथालयानं वाचकाकडे जावं, हा विचार शंभर वर्षांपूर्वीचा आहे. मुंबईत नीरा देसाई, मैत्रेयी कृष्णराज आणि सी. एस. लक्ष्मी यांनी १९८८ मध्ये ‘स्पॅरो’ हे स्त्रियांचं ध्वनी-चित्र संग्रहालय स्थापन केलं. बायकांच्या तोंडून त्यांचं आयुष्य रेकॉर्ड करून ठेवायचं काम तिथं झालं. वाट आधीच पडलेली आहे. आपण तिच्यावरून चालत नाही, एवढंच.

आता माझ्या देण्याचं काय झालं ते सांगते. आम्ही त्या ग्रंथालयात परत गेलो. भांडायला गेलो होतो, पण ग्रंथपाल बाईंनी ऐकून घेतलं. आम्ही वस्तीत तीन दुपारी बसलो आणि प्रत्येक गोधडीची नोंद केली. कुणी शिवली, माहेर कुठलं, शिवायला कुणाकडून शिकली, कापड कुणाचं, किती दिवस लागले. एका बाईनं पहिल्यांदा सांगितलं की बाळंतपणात नवऱ्यानं घराबाहेर काढलं तेव्हा अंगावर हीच गोधडी होती. एकीनं सांगितलं, “कापडाचं नका लिहू, भांडण होईल.” तेही मानलं. नाव लिहिणं हा हक्क आहे तसा न सांगणं हाही हक्क आहे. सोळा पानांची पुस्तिका छापली. ग्रंथपाल बाईंनी ती रजिस्टरमध्ये चढवली, दाखल क्रमांक दिला, कपाटात ठेवली.

गोष्ट इथं गोड संपली असती. पण आजी नातीला घेऊन ती पुस्तिका दाखवायला गेल्या, तेव्हा फाटकावर त्यांना अडवलं. ओळखपत्र कुठंय? विद्यार्थी आहात का? आजींचं नाव आत कपाटात आणि आजी बाहेर फाटकात! तो प्रश्न अजून सुटलेला नाही. अर्ज दिलेत, दोनदा भेटून आलोय, पुन्हा जाणार आहोत.

म्हणून माझं सांगणं एवढंच. उद्या तुमच्या संघटनेला एखादं कॉलेज, विद्यापीठ, ग्रंथालय बोलावेल. जरूर जा. पण जाण्याआधी चार गोष्टी मागून घ्या. एक, प्रत्येक वस्तूखाली करणारीचं नाव, तिला विचारून, ती सांगेल तसं. दोन, कार्यक्रमाचा छापील कागद, आणि तो ग्रंथालयाच्या नोंदीत गेलाच पाहिजे. तीन, बायांचा प्रवासखर्च आणि बुडालेली रोजी. सन्मान म्हणून नारळ देतात, त्यावर चूल पेटत नाही. चार, कार्यक्रम संपल्यावरही त्या बायांना वाचक म्हणून आत येता येईल असं प्रवेशपत्र. चौथी मागणी लगेच मान्य होणार नाही. तरी ती लेखी द्या, कारण नकारही लेखी मिळाला पाहिजे.

आणि आपल्या कपाटात डोकावून पाहा. आपल्या मोर्चांच्या फोटोंमागे काय लिहिलंय? ‘वस्तीतील महिला’. त्या बाया अजून आहेत तोवर त्यांच्याकडे जाऊन नावं विचारून या.

आजींनी परवा नवी गोधडी शिवायला घेतली. या खेपेला कोपऱ्यात लाल दोऱ्यानं नाव टाचलंय. मी विचारलं, “हे कशाला, आजी?” तर म्हणाल्या, “तुझ्या फारमाचा भरवसा न्हाई.”

बरोबर आहे त्यांचं.