मांडवाच्या दारातले श्रवण

सज्जनहो, नवविधा भक्तीतली पहिली भक्ती श्रवण आणि सातवी दास्य. श्रवणाला परीक्षितीचे उदाहरण, दास्याला मारुतिरायाचे. आता प्रश्न असा, की ह्या दोन्ही एकाच वेळी साधतात का? कान लावून बसावे तर हात थांबतात. हात कामाला लागले की कान हुकतो.

हा प्रश्न पोथीतला नाही बरं का, आपल्या पुण्यातला आहे. डिसेंबरची थंडी पडली, शाली-मफलर बाहेर आले, की पुणेकर विचारतो, "यंदा सवाईला आहात ना?" सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवात कॉलेजातली मुलं स्वयंसेवक म्हणून राबतात. असाच एक मुलगा एकदा कीर्तनानंतर भेटला. म्हणाला, "बुवा, गाणं ऐकायला मिळेल म्हणून नाव दिलं, तर उभं केलं दारावर. आलाप रंगात येतो, तोच एखादे आजोबा काठी टेकत येतात. त्यांना जागेवर बसवून परत येईपर्यंत आत द्रुत सुरू झालेली असते. सगळा राग तुकड्यांनीच ऐकला. मला काय मिळालं?"

मी त्याला खोटी समजूत घातली नाही. जे ऐकायचे राहिले, ते राहिलेच. दास्याला किंमत पडते. किंमत पडली नाही तर ते दास्य कसले? पण त्याला म्हटलं, बाळा, तू ज्या मांडवाच्या दारात उभा होतास, तो मांडव कोणी उभा केला ते ऐक.

धारवाडजवळच्या कुंदगोळला रामभाऊ कुंदगोळकर म्हणजे सवाई गंधर्व राहत. किराणा घराण्याच्या अब्दुल करीम खाँसाहेबांचे हे शिष्य. त्यांच्या दारी भीमसेन नावाचा एक पोर गाणे शिकायला आला. गाण्यासाठी तो अकराव्या वर्षी घर सोडून निघालेला होता. गुरूच्या घरी त्याच्या हाती आधी काय आले? पाण्याची घागर! दुरून पाणी आणायचे, घरातली कामे करायची, आणि मग गुरू देतील तेव्हा, देतील तेवढे गाणे घ्यायचे. इथे मला पैठण आठवते. नाथांच्या वाड्यात श्रीखंड्या होऊन प्रत्यक्ष द्वारकाधीशाने पाणी भरले, असे आपण सांगतो. देवाला घागरीची लाज वाटली नाही, मग गवयाला का वाटावी?

सन 1952 मध्ये सवाई गंधर्व गेले. शिष्याने रडत बसायचे की काही करायचे? पुढच्याच वर्षी, 1953 मध्ये, गुरूच्या स्मरणार्थ हा उत्सव सुरू झाला. म्हणजे काय, तर ह्या महोत्सवाचा जन्मच मुळी सेवेतून आहे. गाणे त्या सेवेला आलेले फळ! आणि पंडितजी कधी गात? वर्षानुवर्षे उत्सवाची सांगता त्यांच्या गाण्याने होई. पंगतीत यजमान शेवटी जेवतो ना, तसे. 2011 साली ते गेले. पुढे गुरूच्या नावाला शिष्याचे नाव जोडले गेले. ज्याने घागर वाहिली, त्याचे नाव गुरूच्या नावाशेजारी बसले.

वाचकहो, पुढच्या वेळी मैफलीला गेलात तर गवयाच्या मागे पाहा. तंबोरा घेतलेला शिष्य तासभर चार तारा छेडत असतो. लोकांच्या टाळ्या गवयाला मिळतात. पण ती तार ढळली तर गवयाने टेकायचे कुठे? दारावरचा स्वयंसेवक हा मांडवाबाहेरचा तंबोराच आहे. तो शांतपणे माणसे बसवतो, म्हणून आतला षड्ज कोणाला धक्का न लागता उभा राहतो.

आषाढीला पालख्या पुण्यात मुक्कामाला येतात, तेव्हा नाना-भवानी पेठेत वारकऱ्यांचे पाय चेपणारे किती असतात! त्यातले सगळे काही पंढरीला जात नाहीत. पण दुसऱ्याच्या पायांनी त्यांची वारी पुढे सरकतेच ना?

आता एक कडू गोष्टही सांगतो. छातीवर बिल्ला लावून पुढच्या ओळी आपल्या पाहुण्यांसाठी अडवणारेही सेवेकरीच म्हणवतात. ते दास्य नव्हे, ती मालकी झाली. बिल्ला दुसऱ्याला जागा देण्यासाठी असतो.

म्हणून तरुणांनो, नाव जरूर द्या. पाणी द्या, सतरंज्या झटका, वाट दाखवा. सोबत्याशी पाळी ठरवा, आणि आपल्या पाळीत अर्धा तास तरी मोबाईल बंद करून नीट बसून ऐका. तो अर्धा तास पाय दुखत असताना ऐकाल, म्हणून जास्त गोड लागेल. आणि ऐकणाऱ्यांनो, घरी जाताना दारावरच्या त्या पोराला दोन शब्द बोलून जा. तुमचे श्रवण पुरे झाले, त्यात त्याचे दास्य मिसळलेले आहे. मारुतिरायही रामकथा ऐकायला मागेच, हात जोडून उभे असतात, असे आपण मानतो. पुढची जागा त्यांनी कधी मागितली नाही.

बोला, पुंडलिक वरदा हरि विठ्ठल!