आधी वस्तू, मग शब्द
(कळंबोली येथे अभ्यासवर्गाच्या कार्यकर्त्यांपुढे केलेले भाषण)



फळ्यावर 'दंडगोल', 'शंकू', 'आयत' लिहिले की कातकरी वाडीतले मूल गप्प बसते. आपण लगेच म्हणतो, याचे गणित कच्चे. पण त्याला सूप कसे असते ते विचारा. आपल्या बोलीत ते सांगेल: मागे उंच, पुढे पसरट. कोयता बाकदार, बांबू पोकळ, भोवरा खाली निमुळता, मडके पोटाला फुगीर नि गळ्याशी चिंचोळे. आकार त्याला ठाऊक आहेत. पुस्तकातली नावे तेवढी नवी आहेत.

वारली चित्र तर वर्तुळ, त्रिकोण आणि चौकोनावरच उभे असते. त्याच कलेसाठी जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली.

इथल्या लोखंड बाजारात सळई, पत्रा, अँगल नुसते उचलायचे असतील तर शाळा लागत नाही. पावतीवरचे माप वाचायला लागते. गप्प बसलेले मूल शाळा सोडते आणि ओझ्यापाशीच राहते.

म्हणून विनंती आहे. वर्गात आधी वस्तू आणा. मुलाचा शब्द ऐका, फळ्यावर लिहा. मग त्याच्या शेजारी पुस्तकातला शब्द लिहा. दोन्ही शब्द त्याचेच होऊ द्या.