ठराव पुरे झाले



मी साहित्याच्या प्रयोजनांविषयी बोलावे, अशी कार्यकारी मंडळाची अपेक्षा होती. परंतु इराणच्या तुरुंगात एक अध्यापक फाशीच्या हुकमाखाली वर्षे कंठीत असता नाशिकच्या या सभागृहात रसचर्चा करीत बसणे माझ्याने होणार नाही.

डॉ. अहमदरझा जलाली हे आपत्तिवैद्यकाचे अभ्यासक. भूकंपात वा चेंगराचेंगरीत शेकडो जखमी एकदम दारी आले असता रुग्णालयाने कसे निभवावे, हे स्वीडन, इटली व बेल्जियम येथील विद्यापीठांशी निगडित राहून शिकविण्यात त्यांची उमेद गेली. 2016 च्या एप्रिलात इराणमधील विद्यापीठांच्याच निमंत्रणावरून ते मायदेशी गेले असता त्यांना अटक झाली, आणि 2017 च्या ऑक्टोबरात इस्रायलसाठी हेरगिरी केल्याच्या आरोपावरून देहांताची शिक्षा फर्मावण्यात आली. कबुलीजबाब छळ करून घेतला, आणि युरोपात इराणसाठी हेरगिरी करण्याचे नाकारले हाच आपला खरा गुन्हा, असे त्यांचे म्हणणे आहे.

त्यांचा नाशिकशी काय संबंध, असे विचारणाऱ्यांनी 2003 चा सिंहस्थ आठवावा. रामकुंडाच्या वाटेवरील अरुंद गल्लीत भाविक पायांखाली चिरडले गेले, तेव्हा ज्या शास्त्राची उणीव या गावाने प्राण देऊन भोगली, त्याच शास्त्राचा आचार्य आज गजांआड आहे.

दुसरा आक्षेप असा की, साहित्यसंस्थांनी परराष्ट्रव्यवहारात पडू नये. हा उपदेश सुधीर फडके यांनी मानला असता, तर मोहन रानडे यांचे काय झाले असते? सांगलीचे रानडे गोव्यात मराठीचे शिक्षक. 1955 मध्ये बेतीच्या पोलीस ठाण्यावरील हल्ल्यात जखमी होऊन पकडले गेले, 26 वर्षांची सजा भोगण्यास लिस्बनजवळच्या काशियश किल्ल्यात धाडले गेले, आणि 1961 च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला तरी तेथेच खितपत राहिले. सरकारदरबारी विषय थंडावला असता, सुरांच्या दुनियेत रमलेल्या फडक्यांनी विमोचनाचा ध्यास घेऊन दारोदार पाठपुरावा केला. तमिळ मुलखाचे मुख्यमंत्री अण्णादुराई यांनी पोप सहावे पॉल यांच्याकडे शब्द टाकला. आणि 1969 च्या जानेवारीत रानडे सुटले. अण्णादुराईंना रानडे कोण लागत होते? आपल्या शस्त्रधारी शिक्षकासाठी परक्यांनी रदबदली केली ती आपल्याला गोड लागली. मग ज्याने आयुष्यात माणसे वाचविण्याचीच विद्या शिकविली, त्या परक्या शिक्षकासाठी आपली वाचा का बसावी?

निषेधाचा ठराव संमत करून, टाळ्या वाजवून भोजनास उठण्याची आपली रीत मला ठाऊक आहे, आणि ती मी आज चालू देणार नाही. दिल्लीतील इराणी वकिलात, मुंबईतील इराणी वाणिज्य दूतावास आणि आपले परराष्ट्र मंत्रालय यांच्या नावे तीन अर्ज या मेजावर तयार आहेत. दर महिन्यास ते नव्या सह्यांनिशी पुन्हा रवाना होतील, आणि उत्तर येईपर्यंत हा तगादा सुटणार नाही. ज्यांना सही करण्याचे भय वाटते त्यांनी खुशाल घरी जावे. मात्र पुढील वर्षी याच व्यासपीठावर स्वातंत्र्याच्या कविता वाचण्यास त्यांनी येऊ नये.