ब्रेसियरची धुलाई आणि पावसाळा

जोयडा तालुक्यात जून महिन्यात पावसाने एकदा ठाण मांडले की सप्टेंबर सरेपर्यंत कपडे वाळण्याची विवंचना घरोघर असते. कॅसल रॉककडे तर वर्षाकाठी ५००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. लुगडी, सदरे, मुलांचे गणवेश यांविषयी घरात उघडपणे बोलणे होते. स्त्रियांच्या ब्रेसियरविषयी मात्र होत नाही. वास्तविक साऱ्या धुण्यात सर्वांत नाजूक आणि सर्वांत अधिक हाल सोसणारे वस्त्र तेच.

लाजेपोटी पुष्कळ ठिकाणी ते ओल्या लुगड्याखाली दडवून वाळत घालतात. दोन ओल्या कपड्यांच्या मध्ये वारा शिरत नाही. कापड दमट राहते, त्यावर बुरशीचे काळे ठिपके धरतात, आणि तसेच ओलसर वस्त्र सकाळच्या घाईत अंगात घातले की स्तनांखालच्या घडीत खाज सुटते, चट्टे उठतात. ते डॉक्टरांना दाखवायलाही पुन्हा तीच लाज आड येते. ज्या वस्त्राला वाऱ्याची सर्वांत अधिक गरज, त्यालाच वारा मिळू द्यायचा नाही, ही कसली मर्यादा?

हे वस्त्र टिकते ते त्यातील लवचिक धाग्याच्या बळावर. पूर्वी हा धागा रबराचा असे. १९५८ साली अमेरिकेत जोसेफ शिव्हर्स या रसायनशास्त्रज्ञाने स्पँडेक्स नावाचा कृत्रिम धागा सिद्ध केला आणि पुढे तोच सर्वत्र रूढ झाला. उष्णता आणि क्लोरीन यांच्यापुढे त्याचे काही चालत नाही. म्हणून उकळते पाणी, ब्लीचिंग पावडर आणि चुलीवरची धग ही तिन्ही वर्ज्य समजावीत. पावसात चुलीच्या उबेचा मोह होतो खरा. पण त्या उबेने कापड वाळते आणि पट्टा मरतो.

धुताना प्रथम हूक अडकवावेत, नाहीतर ते शेजारच्या कापडाचे धागे ओढतात. थंड पाण्यात सौम्य साबण किंवा रिठ्याचे पाणी करून त्यात दहा-पंधरा मिनिटे भिजवावे आणि तळहाताने हलके दाबावे. दगडावर आपटणे आणि पीळ घालणे, ही लुगड्याची रीत येथे चालत नाही. तिने कपाचा आकार मोडतो, आत तार असल्यास तीही वाकते. साबण पूर्ण निघेपर्यंत खळबळून घ्यावे. मग कोरड्या पंचात गुंडाळून दाबले की निम्मे पाणी तेथेच टिपले जाते. यंत्रात धुवायचेच असेल तर जाळीच्या पिशवीत घालावे.

वाळत घालताना खांद्याच्या पट्ट्याला टांगू नये, कारण पाण्याच्या भाराने पट्टा लांबतो. दोन कपांमधील जोडावर दोरी येईल असे घालावे. बांबूची टोपली उपडी घालून तिच्यावर पसरले तर वारा खालूनही लागतो. पडवीत झड येत असेल तर खोलीत पंख्याखाली ठेवावे. त्यासाठी उन्हाची वाट पाहण्याचे कारण नाही, कारण कडक ऊनही या धाग्याला सोसत नाही.

पावसाळ्यापुरती तरी तीन ब्रेसियर असावीत : एक अंगावर, एक वाळत, एक विसाव्याला. ताणलेल्या धाग्याला पूर्ववत होण्यास दिवसभराची उसंत लागते. पट्टा ओढून सोडला आणि तो मागे आला नाही, की मात्र दांडेलीच्या बाजाराची वाट धरावी.