तिकीटबारीचा हिशेब आणि जनमनाची नोंद



नवी मुंबई हे नगर आधी नकाशावर उमटले आणि मग भूमीवर वसले. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या परिसरात, आगरी-कोळी बांधवांच्या शेतांवर आणि मिठागरांवर, हे नियोजित शहर उभे राहिले. पुढे घाऊक बाजारपेठ मुंबईतून वाशी-तुर्भे येथे आली आणि तिच्यासमवेत सातारा-पुण्याकडील माथाडी कामगारही आले. गावोगावची माणसे एकत्र आलेल्या अशा नगरात करमणुकीचे सर्वांत मोठे साधन म्हणजे चित्रपट. म्हणूनच लोकप्रिय चित्रपटांचे यश कसे मोजावे, या प्रश्नाचा विचार येथे करणे उचित ठरेल.

२९ एप्रिल २०१६ रोजी नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ प्रदर्शित झाला. १०० कोटी रुपयांच्या उत्पन्नाचा टप्पा ओलांडणारा तो पहिला मराठी चित्रपट होय. त्यासाठी वाशीच्या मॉलमध्ये रांगा लागल्या आणि सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरसारख्या गावीही मध्यरात्रीनंतर खेळ लावावे लागले. परंतु गल्ल्याच्या वहीत या दोन्ही ठिकाणच्या प्रेक्षकांचे वजन सारखे नसते. मॉलमधील एका खुर्चीची किंमत गावाकडील अनेक खुर्च्यांएवढी भरते. वही रुपये मोजते; माणसे मोजत नाही.

रुपये मोजावेत की माणसे?

जगातील सर्वाधिक उत्पन्न मिळविणारा चित्रपट म्हणून ‘अवतार’चे नाव घेतले जाते. २००९ मध्ये प्रदर्शित झालेल्या या चित्रपटाचे उत्पन्न, पुनःप्रदर्शने धरून, २९० कोटी डॉलरच्या वर गेले आहे. १९९७ च्या ‘टायटॅनिक’ने १०० कोटी डॉलरचा टप्पा सर्वप्रथम ओलांडला होता. परंतु चलनवाढीचा हिशेब केला की १९३९ सालचा ‘गॉन विथ द विंड’ हाच सामान्यतः या यादीच्या शिरोभागी जाऊन बसतो. याचा अर्थ एवढाच, की निरनिराळ्या काळांतील रुपये अथवा डॉलर शेजारी शेजारी ठेवून केलेली तुलना फसवी असते. दरवर्षी कोसळणारे ‘विक्रम’ कित्येकदा प्रेक्षकांच्या वाढीचे नसून तिकिटांच्या वाढत्या दरांचे असतात.

काही देशांनी निराळा मार्ग स्वीकारला. फ्रान्समध्ये चित्रपटाचे यश विकल्या गेलेल्या तिकिटांच्या संख्येवरून सांगण्याची प्रथा आहे. सोव्हिएत रशियातही प्रेक्षकसंख्येची नोंद ठेवली जात असे. म्हणूनच १९५४ मध्ये तेथे दाखविला गेलेला राज कपूर यांचा ‘आवारा’ ६ कोटींहून अधिक प्रेक्षकांनी पाहिला, हे सांगता येते. त्या चित्रपटाने किती रूबल मिळविले, याची आठवण कोणी काढत नाही. एका परक्या देशातील एवढ्या माणसांना तो आपला वाटला, हीच गोष्ट लक्षात राहिली आहे.

आठवड्यांकडून तीन दिवसांकडे

आपल्याकडे पूर्वी यशाचे माप आठवडा हे होते. पंचवीस आठवडे म्हणजे रौप्यमहोत्सव, पन्नास आठवडे म्हणजे सुवर्णमहोत्सव. प्रभात कंपनीचा, दामले आणि फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेला ‘संत तुकाराम’ १९३६ च्या डिसेंबरात मुंबईतील सेंट्रल चित्रपटगृहात लागला आणि वर्षाहून अधिक काळ तेथेच चालला. अनंत माने यांच्या १९५९ सालच्या ‘सांगत्ये ऐका’ने पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात १३१ आठवडे मुक्काम केला. दादा कोंडके यांचे नऊ चित्रपट लागोपाठ रौप्यमहोत्सवी ठरले. १५ ऑगस्ट १९७५ रोजी प्रदर्शित झालेला ‘शोले’ मुंबईच्या मिनर्व्हामध्ये पाच वर्षांहून अधिक काळ चालला. तेव्हा नवी मुंबईची बांधणी नुकतीच सुरू झाली होती. ‘शोले’ मिनर्व्हाच्या भव्य पडद्यावर पाहायचा, तर बेलापूर-वाशीच्या रहिवाशाला खाडी ओलांडून जावे लागे.

आठवड्यांचे हे माप चित्रपटाला श्वास घ्यायला उसंत देत असे. प्रती थोड्या आणि चित्रपटगृहेही मोजकी असल्याने एकाने पाहावे, दहांना सांगावे आणि गर्दी हळूहळू वाढावी, असा क्रम असे. अमेरिकेत १९७५ च्या ‘जॉज’ने तो बदलला. दूरचित्रवाणीवर जोरदार जाहिरात आणि चारशेहून अधिक चित्रपटगृहांत एकाच वेळी प्रदर्शन, ही पद्धत त्याच्या यशाने रूढ झाली. डिजिटल प्रक्षेपण आल्यावर भारतातही हजारो पडदे एकाच दिवशी व्यापणे शक्य झाले. आता चित्रपटाचे भवितव्य पहिल्या शुक्रवार ते रविवारात ठरते.

या बदलाची सर्वाधिक झळ बसते ती थोड्या भांडवलाच्या मराठी चित्रपटाला. त्याच्याजवळ जाहिरातीसाठी पैसा नसतो. असते ती केवळ पाहणाऱ्याच्या तोंडून होणारी कीर्ती. आणि ती कीर्ती कानोकानी पोहोचण्यापूर्वीच तो पडद्यावरून उतरलेला असतो. ‘संत तुकाराम’ आज प्रदर्शित झाला असता, तर त्याला दुसरा आठवडा तरी लाभला असता काय, हा प्रश्न अस्वस्थ करणारा आहे.

प्रभावाची दुसरी वही

गल्ल्याच्या वहीशेजारी आणखी एक वही असते. तिच्यात चित्रपटाने समाजाच्या बोलण्यात, वागण्यात आणि विचारात काय मागे ठेवले, याची नोंद होते. ‘संत तुकारामा’ला १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरव लाभला, परंतु त्याहून मोठी गोष्ट ही, की तुकोबा म्हटले की विष्णुपंत पागनीसांची मुद्रा डोळ्यांपुढे येणाऱ्या पिढ्या महाराष्ट्रात घडल्या.

‘सांगत्ये ऐका’ची नोंद दुहेरी आहे. त्याच्या यशानंतर तमाशापटांची लाट आली. लोककलेला पडद्यावर मानाचे स्थान मिळाले. पण अनुकरणाच्या ओघात मराठी चित्रपटाचे विषय बराच काळ आकुंचित झाले, हेही खरे. त्यात भूमिका करणाऱ्या हंसा वाडकर यांनी आपल्या आत्मकथनाला याच चित्रपटाचे नाव दिले आणि त्या आत्मकथनावरून श्याम बेनेगल यांनी १९७७ मध्ये ‘भूमिका’ निर्माण केला. एका चित्रपटातून पुस्तक आणि पुस्तकातून पुन्हा चित्रपट, ही परंपरा कोणत्याही गल्ल्यात मोजता येणार नाही.

‘सैराट’ची कथाही अशीच. कन्नड, पंजाबी आणि हिंदी भाषांत त्याची नवी रूपे झाली. अजय-अतुल यांची गाणी लग्नाच्या वरातींत आणि गणेश विसर्जनाच्या मिरवणुकींत वाजू लागली. मात्र चित्रपटाचा शेवट ज्या निःशब्द दृश्याने होतो, त्यातील प्रश्न मिरवणुकीत येत नाही. जातीबाहेर विवाह करणाऱ्या तरुण-तरुणींच्या हत्यांच्या वार्ता त्यानंतरही येतच राहिल्या. ज्या घरात त्या गाण्यावर नाच झाला, त्याच घरात मुलीच्या पसंतीचा प्रश्न आला की काय होते, ही ‘सैराट’ची खरी परीक्षा आहे. चित्रपट प्रश्न उभा करू शकतो. उत्तर समाजालाच द्यावे लागते.

अल्प भांडवल, मोठा परिणाम

२००४ मध्ये संदीप सावंत यांच्या ‘श्वास’ला राष्ट्रपतींचे सुवर्णकमळ मिळाले. आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’नंतर तब्बल पन्नास वर्षांनी हा मान मराठीकडे आला. पुढे ऑस्करसाठी भारताची प्रवेशिका म्हणून त्याची निवड झाली, तेव्हा परदेशातील प्रचाराच्या खर्चासाठी शाळकरी मुलांपासून रंगकर्मींपर्यंत अनेकांनी हातभार लावला. कोट्यवधींच्या यादीत ‘श्वास’चे नाव नाही, पण मराठी चित्रपटाविषयीचा गमावलेला विश्वास त्याने परत मिळवून दिला. २०२३ मध्ये केदार शिंदे यांच्या ‘बाईपण भारी देवा’ने ७५ कोटी रुपयांहून अधिक उत्पन्न मिळविले, ते तर गटागटाने चित्रपटगृहांत आलेल्या स्त्रियांच्या बळावर. मंगळागौरीच्या निमित्ताने एकत्र येणाऱ्या सहा बहिणींची ही कथा पाहताना गृहिणींना आपलेच जीवन पडद्यावर दिसले. येथे दोन्ही वह्यांचा मेळ बसला.

नगराचे कर्तव्य

शासनाने मराठी चित्रपटासाठी करपरतावा व अनुदानाच्या योजना राबविल्या, १९७७ मध्ये गोरेगाव येथे चित्रनगरी उभारली आणि बहुपडदा चित्रपटगृहांत मराठीला खेळ मिळावेत म्हणून नियमही केले. तथापि नियमाने खेळ मिळतो, प्रेक्षक मिळत नाही. सकाळी अकराच्या खेळाला नोकरदाराने यावे कसे आणि मॉलमधील तिकीट माथाडी कामगाराच्या कुटुंबाला परवडावे कसे?

नवी मुंबईसारख्या नियोजित शहराला यावर उपाय योजणे अवघड नाही. शाळांची सभागृहे, समाजमंदिरे, ग्रंथालये आणि गृहनिर्माण संस्थांची पटांगणे यांचा उपयोग करून, निर्मात्यांच्या रीतसर परवानगीने, अल्प दरात चांगले चित्रपट दाखविता येतील. पूर्वी गावोगावच्या जत्रांत तंबूतील चित्रपटगृहांनी जे कार्य केले, तेच येथे नव्या साधनांनी होऊ शकेल. आणि खेळ संपल्यावर घटकाभर थांबून त्यावर चर्चा झाली, तर दुसऱ्या वहीतील नोंदही त्याच सभागृहात सुरू होईल.

३ मे १९१३ रोजी दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात झळकला. त्या दिवसापासून या भूमीवर चित्रपट हा धंदाही आहे आणि संस्कारही. धंद्याचा हिशेब वितरक चोख ठेवतात. संस्काराचा हिशेब ठेवण्याचे काम मात्र प्रेक्षकांचे आहे, आणि ते त्यांच्यावाचून दुसरे कोणी करणार नाही.